सातमपर्यंतचे दिवस

फाल्गुन उतरणीला लागला की इंदूरची हवा हलकी होते. पहाटे पातळ चादर हवीशी वाटते आणि दुपारी तीच पायाशी गोळा होऊन पडते. कडुनिंब चार दिवसांत पिवळी पानं ढाळून मोकळे होतात आणि पाहता पाहता त्यांच्यावर तांबूस, तुकतुकीत पालवी चढते. पलासियाला आमच्या गच्चीवरून आता झाडांपेक्षा पाट्याच जास्त दिसतात. बँकांच्या, दवाखान्यांच्या, क्लासेसच्या. तरी या दिवसांत वारा सुटला की गाड्यांच्या गोंगाटातूनही वाळक्या पानांची सळसळ वर येते आणि माझ्या हातातलं पुस्तक आपोआप मिटतं.

खाली क्लासची मुलं उभी असतात. परीक्षा जवळ आलेली असते. हातात चहाचे ग्लास, पाठीवर पिशव्या, तोंडात अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी. कोणाचा तरी आवाज चढतो, बाकीचे ऐकतात, मग दुसऱ्या कोणाचा चढतो. मला शब्द नीट कळत नाहीत. पण कोण पुढारी आणि कोण नुसतं बोलणारं, हे वरून बघतानाही कधी कधी ओळखू येतं. बोलणाऱ्याकडे सगळे बघतात. पुढाऱ्याकडे, काही ठरवायची वेळ आली की, एकदाच बघतात.

माझ्या आयुष्यात फाल्गुन पुष्कळ आले. आठवायला बसलं की मात्र एकच येतो.

तेव्हा आमच्या राज्याचं नाव मध्य भारत होतं. संस्थान विलीन होऊन फार काळ लोटला नव्हता. राजवाड्यासमोरून जाताना माझे वडील अजून सवयीनं टोपी सारखी करत. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला असे आणि उन्हाळा आला की सरकार आमच्याकडे राहायला येई, मामाच्या गावाला यावं तसं. कचेऱ्यांना चुना लागे, बग्गीवाले घोड्यांच्या माना घासत बसत. सगळंच नवं होतं आणि जुन्याचाच कपडा उलटा करून शिवल्यासारखं वाटत होतं. त्या नव्या गोष्टींतलीच एक म्हणजे आमचा वर्ग. पदवी झालेल्यांसाठी सार्वजनिक आरोग्याचा एका वर्षाचा अभ्यासक्रम. जागा म्हणून संस्थानाच्या काळातला एक जुना बंगला मिळाला होता. छत इतकं उंच की आपटे सर पाण्यातल्या जंतूंबद्दल बोलत तेव्हा त्यांचा आवाज वर जाऊन थोड्या वेळानं परत येई. फळ्यामागच्या झरोक्यात पारवे होते. रोगराईची वर्णनं आणि पारव्यांचं घुमणं माझ्या कानात अजून एकत्रच आहे.

वर्गात आम्ही दोघीच मुली. मी आणि तारा गावडे. ताराचे आजोबा संस्थानच्या रिसाल्यात होते, वडील टपाल खात्यात. ती उंच होती, सायकलवरून येई, आणि तिला काही विचारलं की लगेच उत्तर देत नसे. मान किंचित कलती करून ऐकायची, मग जरा थांबायची. नवख्या माणसाला वाटे, हिला ऐकू कमी येतं की काय. तिचे हात मोठे होते, मुलींच्या हातांसारखे नाजूक नव्हते. प्रयोगशाळेत काचेची नळी धरली की ती तिच्या बोटांत स्थिर राही. आमच्या सगळ्यांच्या हातांना थोडा तरी कंप असे.

विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष ती कशी झाली, ही गंमतच होती. मंडळाचं काम म्हणजे काय, तर चहा, वर्षाअखेरचा फोटो, पाताळपाणीच्या धबधब्याची सहल आणि अधूनमधून एखादा अर्ज. वर्गातला उत्तम वक्ता गोवर्धन. तो देवासकडचा माळवी मुलगा, पण शाळा मराठी मास्तरांच्या हाताखाली झालेली, त्यामुळे दोन्ही भाषा एकाच वाक्यात घोळवायचा. सगळे त्याला गोवर्धन भिया, म्हणजे भाऊ, म्हणत. अध्यक्ष तोच होणार असं सगळे धरून चालले होते. पण त्यानंच उभं राहून ताराचं नाव सुचवलं. पुढे त्यानं मला खरं कारण सांगितलं. त्याला वाटलं होतं, अध्यक्ष गप्प असली की मंडळ आपण चालवू. मी चिटणीस झाले, कारण चिटणीस व्हायला कोणीच तयार नव्हतं.

पाताळपाणीला आम्ही हिवाळ्यात गेलो. मला त्या सहलीतलं एवढंच आठवतं की पाण्याच्या तुषारांनी सगळ्यांचे केस भुरकट झाले होते, आणि ओल्या दगडांवरून पुढे जायचं की नाही यावर वाद चालला होता. तारानं स्वतः चार पावलं पुढे जाऊन बघितलं आणि परत येऊन सांगितलं की जायचं नाही. कोणी कारण विचारलं नाही. तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

मग माघ संपला. आंब्यांना मोहर आला. आणि गिरणीमागच्या वस्तीत देवी निघाल्याची बातमी आली.

आज देवी हा शब्द नातवंडांपुढे उच्चारला तर ती नवरात्राकडे बघतात. तो रोग जगातून गेला. मी माझ्या नोकरीच्या काळात त्याला हळूहळू जाताना पाहिलं, जसं एखाद्या गल्लीतलं बिऱ्हाड हलतं, आधी माणसं, मग सामान, मग दारावरचं नाव. पण तेव्हा दर वर्षी फाल्गुन-चैत्रात तो यायचा, पालवीसारखा, ठरल्या वेळी. लोक त्याला रोग म्हणतच नसत. माता आली म्हणत. आलेल्या पाहुणीशी बोलावं तसं त्याच्याशी हळू आवाजात बोलत. चेहऱ्यावर वण असलेली माणसं इतकी दिसत की त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नसे.

तारानं मंडळाची सभा बोलावली. परीक्षा तोंडावर होती. काही जणांनी कुरकुर केली की हे नगरपालिकेचं काम आहे. तारानं भाषण केलं नाही. वस्तीत टोचायला माणसं कमी आहेत, आपल्याला टोचता येतं, आपण जायचं का, एवढंच तिनं विचारलं. गोवर्धन उठला आणि जायलाच पाहिजे यावर असा काही बोलला की परीक्षेचं नाव काढायची कोणाची छाती झाली नाही. होळीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही निघालो. बर्फात घातलेली लस, स्पिरिटचे दिवे, टोचायची हत्यारं. लढाईला निघाल्यासारखे आम्ही खुशीत होतो.

त्या वस्तीला इमली लाइन म्हणत. गिरणीच्या भिंतीला पाठ लावून बसलेल्या खोल्यांची लांब ओळ, आणि टोकाला चिंचेचं अवाढव्य झाड. हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत असायचे. दुपारच्या उन्हात ते दिसायचे, सावलीत नाहीसे व्हायचे. आम्ही गेलो तेव्हा ओळीतली सगळी दारं एकामागून एक लागत गेली. रागानं नाही. कडीचा आवाजही हलकाच. फक्त चिंचेखाली काही बायका उभ्या राहिल्या. त्यांच्या वतीनं जमनाबाई बोलली. साठीची बाई, कपाळावर मोठं कुंकू, आवाज मऊ. तिचं म्हणणं असं की माता गावात आहे. ती असताना मुलांच्या अंगाला लोखंड लावलं तर ती कोपेल. सातम, शीतळा सप्तमी, होऊ द्या. शीतळेची पूजा झाली, तिला थंड नैवेद्य पोचला, ती आपल्या वाटेनं गेली, की दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः मुलं घेऊन या चिंचेखाली येतो.

सातमीला अजून बरेच दिवस होते. होळी व्हायची होती, रंगपंचमी व्हायची होती.

गोवर्धननं तिला समजावून पाहिलं. हिंदीत, माळवीत, हात जोडून. ती ऐकून घेत होती आणि मान हलवत होती. मग सगळ्यांनी ताराकडे पाहिलं. तारा जरा थांबली. नेहमीपेक्षा जास्त थांबली. मग जमनाबाईला तिनं हिंदीत विचारलं की सातमीपर्यंत आम्ही नुसते येत राहिलो तर चालेल का. हत्यार आणणार नाही. जमनाबाई म्हणाली, का नाही चालणार, मुलं तुमचीच आहेत. तारानं आणखी एक मागितलं. ज्या घरात माता येते त्या घरात बाहेरच्यानं जायचं नाही, दाराला कडुनिंबाचा डहाळा लावायचा, हे तुम्ही पाळताच. तसं यंदा साऱ्या ओळीनं पाळावं. बाहेरचा पाहुणा येऊ देऊ नये, इथलं मूल बाहेर कुठे नेऊ नये, देवळातसुद्धा नाही. बायकांनी आपसात पाहिलं आणि कबूल केलं.

आम्ही परत निघालो. बर्फ वितळून डब्यातून पाणी ठिबकत होतं. बंगल्याच्या फाटकापाशी गोवर्धन थांबला आणि म्हणाला की ताराजी, तुम्ही आज रोगाला तारीख दिली. ती म्हणाली, दिली.

आरोग्य अधिकाऱ्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी ताराला आणि मला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, कामानं वाकलेला होता. शिपाई देतो, म्हणाले, दारं उघडतील. अशीच पद्धत होती तेव्हा. तारानं सांगितलं, आज उघडतील, पण पुढच्या वर्षी आम्ही दिसलो की ही माणसं मुलं घेऊन गावाला पळतील आणि रोग बरोबर नेतील. जबाबदारी कोणाची, असं त्यांनी विचारलं. मंडळाची, असं मी म्हणणार होते. तारा म्हणाली, माझी.

मग ते दिवस सुरू झाले. आजही ते मला पाण्याखालून पाहिल्यासारखे दिसतात, थोडे हलणारे. दुपारी वर्ग सुटला की आम्ही आळीपाळीनं इमली लाइनमध्ये जायचो आणि चिंचेखाली बसायचो. करायला काही नसे. गिरणीची घरघर जमिनीतून पायात यायची. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की ओळीत एकदम पुरुष दिसू लागत, डोक्याच्या केसांत कापूस अडकलेले. बायका धान्य निवडत बोलत. तारा विहिरीच्या पाण्याबद्दल, गटाराबद्दल काहीबाही विचारी. पण पुष्कळदा ती नुसतीच ऐकत असे. कोणाचं माहेर उज्जैनकडचं, कोणाचं खानदेशातलं, कोणाचा नवरा संपात किती दिवस घरी बसला. मीही कधी कधी माझं पुस्तक तिथे नेऊन वाचत बसे. चिंचेची बारीक पानं पानावर पडत. मला सांडपाण्याच्या निचऱ्याचं प्रकरण आजही चिंचेच्या आंबूस वासासकट आठवतं.

गेंदा तिथेच भेटली. विशीतली, सडपातळ, हसताना पदर ओठांवर धरायची. तिला एक चारेक वर्षांची मुलगी होती, कमली, आणि मांडीवर मुलगा. अजून त्याचं नाव ठेवलं नव्हतं, सगळी त्याला लालू म्हणत. तारा त्याला घ्यायची. तिच्या त्या मोठ्या हातांत तो मुठीएवढा दिसे. तो तिच्या घड्याळाचा पट्टा धरून ठेवी आणि ती निघायची वेळ झाली तरी सोडत नसे.

आम्ही पहिल्यांदा गेलो त्याला दोन-तीन दिवस झाले असतील. गेंदाच्या दाराला डहाळा लागलेला दिसला. लालूला ताप होता.

आता दाराच्या आत जायचं नाही, हे तारानंच मागून घेतलं होतं. ती पायरीच्या खाली उभी राहून गेंदाशी बोलली. पाणी पाजत राहा, कमलीला जमनाबाईकडे ठेव. आपटे सरांनाही तिनं तिथे आणलं. त्यांनी दारातूनच पाहिलं आणि ते परत वळले. त्या काळात करण्यासारखं फार काही नव्हतंच. अंगावर फोड यायला लागले. गेंदा आतून कडुनिंबाच्या पानांनी वारा घालायची, त्याचा आवाज पायरीपर्यंत यायचा. तारा रोज येऊन त्या पायरीच्या खाली बसू लागली. आत दोघं आणि बाहेर ही. गेंदा अधूनमधून आतूनच हाक मारी, बेन, बैठी हो? तारा म्हणे, हां, बैठी हूँ. मी कोणत्याही व्याख्यानात न शिकलेली गोष्ट त्या दोन वाक्यांत होती. ती काय, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

होळी पेटली. धुळवड झाली. ओळीतल्या बायकांनी दिलेला शब्द पाळला, कोणाकडे पाहुणा आला नाही. आणखी एका घराला डहाळा लागला, मग आणखी एका. मोठी माणसं होती ती, लहानपणी टोचलेली, त्यांना सौम्य आली. गोवर्धन मात्र दर डहाळ्यागणिक गप्प होत गेला. बोलणारा माणूस गप्प झाला की वर्ग ओसाड वाटतो.

लालू रंगपंचमीला गेला. सकाळी.

शहर रंगात होतं. राजवाड्याकडे गेर, रंगाची मिरवणूक, निघाली होती, बंबांनी रंग उडत होता, गच्च्यांवरून माणसं भिजत होती. मी आणि तारा इमली लाइनकडून परत येत होतो. कुठल्याशा गल्लीच्या तोंडाशी एका टोळक्यानं आमच्यावर गुलाल टाकला आणि पळत गेलं. ताराच्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर गुलाल बसला. तिनं तो झटकला नाही. सायकल हातात धरून ती तशीच चालत राहिली. लोक वाटेत थांबून तिला सणाच्या शुभेच्छा देत होते आणि ती प्रत्येकाला मान हलवून उत्तर देत होती.

दुसऱ्या दिवशी सभा झाली. ती गोवर्धननं मागितली होती. अध्यक्षांवर विश्वास नाही आणि उद्याच शिपाई घेऊन टोचणी करावी, असा त्याचा ठराव होता. ठराव अध्यक्षांविरुद्ध असेल तर अध्यक्षांनी खुर्चीवर बसायचं नाही, असा मंडळाचा नियम होता. तारा उठून समोर बाकावर जाऊन बसली आणि खुर्चीवर मला बसावं लागलं. त्या उंच छताखाली मला मी फार लहान वाटले. पारवे घुमत होते.

गोवर्धन चांगला बोलला. त्या दिवशी त्याच्या बोलण्यात वक्तृत्व नव्हतं. म्हणाला की मी स्वतःच यांचं नाव सुचवलं होतं. म्हणाला की श्रद्धेचा मान ठेवायचा तो मोठ्यांच्या, त्याची किंमत मुलांनी का द्यायची. आपण तिथे हत्यार घेऊन उभे होतो आणि परत आलो. एवढं बोलून तो खाली बसला. आमच्यापैकी पुष्कळांच्या मनातलं तो बोलला होता.

मग मागच्या दारातून आपटे सर आले. सभेत बोलायची परवानगी त्यांनी माझ्याकडे मागितली, विद्यार्थिनीकडे. फळ्याशी गेले आणि शिकवताना काढत तशी एक आडवी रेघ काढली. ताप आला तो दिवस, त्याच्या मागे रोग शरीरात शिरला तो दिवस. मधे जवळजवळ पंधरवडा जातो. म्हणजे तुम्ही वस्तीत पहिल्यांदा पाय ठेवलात त्याच्या कितीतरी आधी त्या बाळाला लागण झालेली होती. त्या दिवशी टोचलं असतं तरी उपयोग झाला नसता. ते ताराकडे वळले. म्हणाले, ताराबाई, हिशोब स्पष्ट आहे. तुमच्या थांबण्यानं ते मूल गेलं नाही.

खोलीतली हवा सैल झाली. कोणीतरी श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं. गोवर्धननं मान वर केली. मला वाटलं, संपलं सगळं, आता ती रडेल आणि आपण घरी जाऊ.

तारा उभी राहिली. केसांच्या मुळाशी अजून थोडा गुलाल होता. ती थांबली, तिच्या पद्धतीनं.

“हिशोब बरोबर आहे सर,” ती म्हणाली. “पण मी थांबायचं ठरवलं तेव्हा तो मला माहीत नव्हता. त्या मुलाला तेव्हा लागण झालेली नसती, तरी मी थांबलेच असते. तेव्हा त्याचा आधार मला घेता येणार नाही.”

मग ती गोवर्धनकडे वळली. म्हणाली की तुमचं म्हणणं चूक आहे असं मला वाटत नाही. माझं बरोबर आहे असंही छातीठोक सांगता येत नाही. बायकांनी शब्द दिला आणि पाळला. आता दोनच दिवस राहिलेत. आज मोडला तर आपल्यानंतर येणाऱ्यांना त्या दारातून कोणी आत घेणार नाही. मला एवढंच दिसतं. याच्या पुढचं दिसत नाही.

मतं घेतली. हात मी दोनदा मोजले. ठराव पडला, जेमतेम. खुर्चीवर असल्यामुळे मला मत देता येत नव्हतं. ते कुठे गेलं असतं याचा विचार मी पुढे अनेक फाल्गुनांत केला आहे आणि दर वेळी उत्तर निराळं आलं आहे. सभा सुटल्यावर तारा खुर्चीवर परत बसली नाही. मीच पुढे केली तर म्हणाली, राहू दे, आता काम चिंचेखाली आहे.

माणसांनी ठरवायचं असतं आणि ठरवल्याचं पुरतं फळ त्यांना कधी दिसत नसतं, हे एवढं साधं वाक्य मला कळायला एक आयुष्य लागलं. पुढे मी सरकारी नोकरीत पुष्कळ अधिकारी पाहिले. कागद नीट असला की त्यांना झोप लागे. हिशोब आपल्या बाजूचा निघाला की चेहऱ्यावर तजेला येई. अशा वेळी मला तारा आठवायची, समोर आणून ठेवलेली सुटका हातानं बाजूला सारणारी. त्यात तिनं स्वतःला शिक्षा करून घेतली, असं काहींना वाटलं. मला तसं वाटत नाही. आपलं ते आपलं म्हणून तिनं जवळ ठेवलं, इतकंच.

परीक्षा चैत्रात झाली. तारा दुसऱ्या वर्गात पास झाली, गोवर्धन पहिला आला. नोकरी तिनं झाबुआकडची मागून घेतली. तिकडे रस्ते नव्हते, पायी हिंडावं लागे. तिची पत्रं दोन-तीन ओळींची येत. त्यांत हवा आणि मोहाची फुलं जास्त, काम कमी. गोवर्धन पुढे मोठ्या हुद्द्यावर गेला आणि तरुणांना शिकवताना म्हणे की माझा एक ठराव पडला, ते बरं झालं की वाईट हे मी अजून ठरवू शकलो नाही. ती दोघं शेवटपर्यंत एकमेकांना पत्रं लिहीत होती, भांडत होती. तारा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मध्य भारत हे नावही नकाशावरून गेलं. आमचा बंगला पाडून तिथे दुकानं झाली.

पण आजच्यासारखा वारा सुटला की या सगळ्याच्या आधीचा तो एक दिवस वर येतो. सातमीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. आम्ही चिंचेखाली टेबल मांडलं. येणार का, हे कोणी कोणाला विचारत नव्हतं. गोवर्धन सगळ्यांच्या आधी आला होता, पाण्याच्या बादल्या त्यानंच भरून आणल्या होत्या आणि आता स्पिरिटच्या दिव्याची वात पुन्हा पुन्हा सारखी करत होता. ओळीतली दारं बंद होती. उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते.

मग एक दार उघडलं. जमनाबाई नातवाला कडेवर घेऊन आली. तिच्यामागे दुसरं दार, तिसरं. बायका धुतलेली लुगडी नेसून, मुलांना काजळ घालून येत होत्या, लग्नाला निघाल्यासारख्या. ओळ चिंचेपासून वळून थेट गिरणीच्या भिंतीपर्यंत गेली. मुलं रडत होती, आया हसत होत्या. तारा टोचत होती. हत्यार ज्योतीवर धरायचं, थंड होऊ द्यायचं, लस लावायची, दंडावर अलगद फिरवायचं. ती खालीच बघत होती. एकामागून एक दंड तिच्यापुढे येत होते आणि ती तेवढेच बघत होती.

एक बारीक दंड पुढे आला आणि तिनं तो ओळखला. कमलीचा होता. तारानं वर पाहिलं. कमलीमागे गेंदा उभी होती. तिची कड रिकामी होती आणि हात, सवयीनं, कडेवर मूल असल्यासारखा वाकडा धरलेला होता.

मी ताराच्या शेजारी होते. प्रयोगशाळेत कधी न हललेला तो मोठा हात मी तेव्हा हललेला पाहिला. हत्याराचं टोक थरथरत होतं. मागची रांग थांबली. तारानं तोंड उघडलं, तिला काहीतरी सांगायचं होतं. काय सांगायचं होतं ते तिनं मला पुढेही कधी सांगितलं नाही.

गेंदानं तिला बोलू दिलं नाही. ती एक पाऊल पुढे आली, आपला तो वाकडा हात सरळ करून तिनं ताराचं मनगट खालून धरलं, जसं एखाद्याला लिहायला शिकवताना धरतात, आणि कमलीकडे बघत हलक्या आवाजात म्हणाली, “बेन, इके लगई दो.”

तारानं हत्यार पुन्हा ज्योतीवर धरलं. थंड होऊ दिलं. गेंदानं मनगट सोडलं नाही. कमली रडली, आणि रांग पुढे सरकली.